जुनी होडी : इंजिनाची बरी की शिडाची?

लेखाचं नाव वाचून तुम्ही नक्की विचाराल, की दौंडच्या मुलीचा आणि होडीचा संबंध काय? दौंड म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं आणि शिरूर म्हटलं की रांजणगावचा गणपती आणि तिथली एमआयडीसी. समुद्र तर आमच्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब!

पण जरा नकाशा काढून बघा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. वाळकीजवळ मुळा-मुठा तिला येऊन मिळते, पुढे घोड मिळते, आणि दौंड ओलांडून खाली गेलं की उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. तालुक्याच्या टोकाच्या गावांना हे पाणी समुद्रासारखंच दिसतं. मासेमारीच्या होड्या, भिगवणकडे पक्षी दाखवणाऱ्या बोटी, पलीकडच्या गावाला नेणाऱ्या बोटी, सगळं आहे. आणि हो, नदीतली वाळू उपसणाऱ्या बोटीही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

होडी आमच्याकडे नवीन नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने अनेक वर्षं उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथल्या एका दफनात जे मडकं मिळालं, त्याच्यावर लांब लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. म्हणजे माझ्या मामाच्या तालुक्यातले लोक तेव्हापासून नाव ओळखतात. त्या नावेला इंजिन नव्हतं. तिची देखभाल मात्र कोणीतरी करत असणार.

विषय सुचला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या होस्टेलच्या मुली एका सुट्टीत जंजिरा बघायला गेलो होतो. राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे शिडाच्या होड्या जातात आणि इंजिनाच्या बोटीही जातात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे बोटीचे शब्द मला इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतून माहीत होते. 'रडर' म्हणजे सुकाणू आणि 'मास्ट' म्हणजे डोलकाठी हे मला तिथल्या तांडेलाने शिकवलं. परतीच्या बसमध्ये वाद सुरू झाला. मेकॅनिकलची पार्टी म्हणाली, "शिडाच्या बोटीत मूव्हिंग पार्ट्स नाहीत, म्हणजे मेंटेनन्स झिरो!" सिव्हिलची पार्टी म्हणाली, "लाकूड, कापड, दोर, सगळं कुजणारं. त्यापेक्षा इंजिन परवडलं." मी तेव्हा गप्प बसले, कारण उत्तर माहीत नव्हतं. नंतर वाचलं, विचारलं, आमच्या नदीवरच्या बोटी नीट बघितल्या. हा लेख म्हणजे त्या वादाचं उत्तर.

इंजिनाचं म्हातारपण

मेकॅनिकलवाल्यांना हे पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. मोटारीचं इंजिन उतारावर आराम करतं, सिग्नलला उभं राहतं. बोटीच्या इंजिनाला उतार नाही. पाणी सतत मागे ओढत असतं, त्यामुळे ते कायम घाट चढत असल्यासारखं चालतं. मिनिटाला १५०० फेरे धरले तर तासाला ९०,००० होतात. दिवसाला पाच तास चालवलं तर साडेचार लाख फेरे! म्हणून बोटीच्या इंजिनाचं वय वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. लहान डिझेल इंजिनाचं ऑइल साधारण १०० ते २५० तासांनी बदलायचं असतं. नक्की आकडा ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

आता थंड ठेवायचं काम बघा. मोटारीला रेडिएटर असतो. बोटीत बहुतेक वेळा बाहेरचंच पाणी पंपाने आत ओढून इंजिनाभोवती फिरवतात. आमच्या भीमेचं पाणी म्हणजे गाळ, बारीक वाळू आणि वरती जलपर्णी. वाळू पंपातल्या रबरी इंपेलरची पाती घासून टाकते, जलपर्णी पाणी घ्यायची जाळीच बंद करते. पाणी थांबलं की काही मिनिटांत हेड तापतं, गॅस्केट जातं, आणि तरीही चालवत राहिलं तर पिस्टन जाम. दहा मिनिटांपूर्वी हेच इंजिन ठणठणीत होतं!

डिझेलची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे (ज्याचं इंजिन बंद पडतं त्याला मजा वाटत नाही ते सोडा). टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. तिथे जिवाणू वाढतात, काळा चिकट गाळ तयार होतो. शांत पाण्यात हा गाळ गुपचूप बसून राहतो. वारा सुटला, लाटा आल्या, की टाकी ढवळली जाते, गाळ फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन मान टाकतं. म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हा!

शिवाय पंख्याचा शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथे ग्लँड असतो. त्यात दोरीचं पॅकिंग भरलेलं असतं. या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी आत यायलाच पाहिजे, कारण त्यानेच पॅकिंग थंड आणि ओलं राहतं. एकही थेंब येत नसेल तर नट जास्त आवळलाय आणि शाफ्ट घासला जातोय. धार लागली असेल तर पॅकिंग संपलंय. हे थेंब कोणीतरी वाकून बघावे लागतात.

या सगळ्यात आमच्या भागाला एक फायदा आहे. पुण्यात खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली आणि डिझेल इंजिन शेताच्या बांधावर आलं. ऊस जगवण्यासाठी विहिरीवर इंजिन बसवलेल्या घरांत लहान पोरालाही "इंजिनाने एअर धरली, नट ढिला करून एअर काढ" हे सांगता येतं. दौंडला तर रेल्वेमुळे इंजिन हा शब्द घराघरातला. म्हणून भीमेवर बोटीचं इंजिन बिघडलं की फिटर मिळतो, लेथवर बुश टर्न करून मिळतो, जुन्या बाजारात पार्ट मिळतो. ही सोय प्रत्येक धक्क्यावर नसते.

पण याचीच दुसरी बाजू वाळूच्या बोटींवर दिसते. आमच्याकडे त्यांना सेक्शन बोट म्हणतात. मी काठावरून पाहिलेल्या एका बोटीवर चक्क जुन्या ट्रकचं इंजिन बसवलेलं होतं. बेकायदा उपसा करणाऱ्या अशा बोटी महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या दौंड-शिरूरकरांनी कितीदा तरी वाचल्या आहेत. आज ना उद्या उडवली जाणार अशा बोटीची देखभाल कोण करणार? इंजिन फिरतं तोवर फिरवायचं, एवढंच. ऑइल नदीत गळतं, त्याचंही कोणाला काही नाही. वस्तू टिकावी असं ज्याला वाटतच नाही, त्याच्याकडे मॅन्युअल असून उपयोग नसतो.

उभ्या इंजिनाचा आजार

सुट्टीत दोन महिने बाइक होस्टेलच्या स्टँडवर लावून घरी गेलात आणि परत येऊन किक मारलीत, तर काय होतं हे मी सांगायला नको. बोटीच्या इंजिनाचं तेच, फक्त जास्त वाईट, कारण आजूबाजूला सतत दमट हवा. सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो, रिंगा चिकटतात. इंपेलरची पाती ज्या अवस्थेत दाबलेली असतील त्याच आकारात कडक होतात. बॅटरी बसते. म्हणजे इंजिन चालवलं तर झिजतं आणि नाही चालवलं तर गंजतं!

हे का सांगते? कारण बहुतेक मोठ्या शिडाच्या बोटींतही एक छोटं इंजिन असतं. धक्क्याला लागताना किंवा वारा पडल्यावर ते वापरतात. वर्षात थोडेच तास चालतं, म्हणून मालक म्हणतो, "आपलं इंजिन नव्यासारखं आहे." वीस वर्षांपूर्वीचं, जेमतेम चाललेलं इंजिन नव्यासारखं नसतं. ते झिजून मरत नाही, गंजून मरतं. तेव्हा 'शिडाची बोट म्हणजे इंजिनाची कटकट नाही' हा आमच्या मेकॅनिकल पार्टीचा पहिला मुद्दा इथेच बाद झाला.

शिडाचं म्हातारपण

आता शिडाकडे वळू. होस्टेलच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी आठवा. पहिल्या वर्षी चकचकीत निळी, तिसऱ्या वर्षी हात लावला तर हाताला भुकटी लागते. चिमटे तर बोटांत तुटतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात म्हणून हे होतं. शिडाच्या बोटीचा मुख्य शत्रू हाच आहे, ऊन. पॉलिएस्टरचं शीड असो वा नायलॉनचा दोर, दोघंही रोज थोडे थोडे अशक्त होत जातात.

यातही एक बारकावा आहे. शिडाचं कापड नंतर फाटतं, आधी शिवण जाते. कारण दोरा बारीक, आणि तो कापडाच्या वर उघडा असतो. म्हणून जुनं शीड तपासताना कापड न बघता शिवणीवर नख ओढून बघतात. टाके निघाले तर पुन्हा शिवायचं. सुती शीड असेल तर ते ओलं गुंडाळून ठेवायचं नाही, नाहीतर बुरशी धरते आणि कापड कुजतं.

शिडाच्या बोटीत मूव्हिंग पार्ट्स नाहीत हेही तितकंसं खरं नाही. दोर कप्प्यांतून सरकतात आणि घासतात. लाटेवर बोट डुलते तसे डोलकाठीला धरून ठेवणारे ताण एकदा घट्ट, एकदा सैल होतात, दिवसातून हजारो वेळा. आपण ज्याला फटीग म्हणतो ते हेच. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. रोजच्या वाऱ्यात शाबूत वाटणारी दोरी वादळात तुटते ती यामुळे.

आधुनिक बोटींवर हे ताण स्टेनलेस स्टीलच्या तारांचे असतात. "स्टेनलेस आहे, गंजणार कसं?" असं मलाही वाटलं होतं. मटेरियल सायन्सच्या लेक्चरला उत्तर मिळालं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. तारेचं टोक जिथे पक्कं दाबून बसवलेलं असतं, तिथे आत पाणी शिरतं पण हवा फिरत नाही. थर जातो आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून तार चकचकीत! म्हणून अशा तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात असा सल्ला देतात, मग त्या कितीही चांगल्या दिसोत. एक तार तुटली तर डोलकाठीच खाली येऊ शकते.

मुंबईत बांधलेली एक म्हातारी

जुन्या शिडाच्या बोटीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मुंबईत बांधलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं. 'सुहैली' नावाची ३२ फुटी सागवानी बोट १९६४ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश खलाशी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोचले. असं करणारे ते जगातले पहिले.

पण ती सफर म्हणजे दुरुस्तीचीच सफर होती. अटलांटिकमध्येच तळाच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. भर समुद्रात पाण्याखाली उतरून त्यांनी सांध्यात कापूस ठोकला आणि वरून तांब्याची पट्टी मारली. पुढे आपोआप दिशा धरणारी यंत्रणा मोडली, रेडिओ बंद पडला. तरी बोट चालत राहिली. का? कारण तिच्यावर जे जे मोडत होतं, त्यातलं पुष्कळसं हाताने, सुई-दोऱ्याने, कापसाने, दोराने दुरुस्त होण्यासारखं होतं, आणि दुरुस्त करणारा माणूस बोटीवरच होता.

या बोटीचं पुढचं आयुष्यही शिकण्यासारखं आहे. पन्नासेक वर्षांनी तिचं मोठं काम काढावं लागलं, तेव्हा सागवान बऱ्यापैकी टिकलेलं होतं. आतले लोखंडी खिळे-बोल्ट मात्र गंजले होते आणि गंजताना आजूबाजूचं लाकूडही खराब करत होते. म्हणजे 'लाकूड कुजतं' हा सिव्हिल पार्टीचा मुद्दाही अर्धाच खरा! कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा दोन वस्तूंच्या सांध्यावर होते.

मग देखभाल कोणाची जास्त?

आता वादाचा निकाल. माझ्या मते प्रश्नच जरा चुकीचा विचारला गेला होता. 'किती' यापेक्षा 'कुठे, कधी आणि कोणी' हे विचारायला पाहिजे.

इंजिनाच्या बोटीचं म्हातारपण एका जागी जमा होतं. झीज, गाळ, गंज, सगळं त्या एका लोखंडी डब्यात. बाहेरून दिसत नाही आणि जातं तेव्हा एकदम जातं. खर्च एकदम मोठा येतो. जुन्या बोटीला नवीन इंजिन घ्यायचं तर ते कधी कधी बोटीपेक्षा महाग पडतं. पण ही देखभाल विकत मिळते. पैसे द्या, फिटर बोलवा, पार्ट आणा.

शिडाच्या बोटीचं म्हातारपण सगळीकडे पसरलेलं असतं. शिवणीत, दोरात, कप्पीत, तारेत, सांध्यात. प्रत्येक काम छोटं, पण काम संपतच नाही. एक झालं की दुसरं निघतं, अगदी आपल्या सबमिशनसारखं. मात्र बहुतेक गोष्टी आधी सांगून बिघडतात. दोराला रोवा सुटतो, टाका निघतो, कप्पी कुरकुरते. बघणाऱ्याला दिसतं. ही देखभाल विकत घेणं कठीण, कारण ती रोजच्या नजरेची असते. तांडेल होडी सोडण्याआधी दोरावरून हात फिरवतो तेव्हा तो सवयीने फिरवत नाही, तपासतो.

दोन्हीचा हिशेब मांडला तर साध्या छोट्या बोटींमध्ये इंजिनाच्या बोटीला पैसा जास्त लागतो आणि शिडाच्या बोटीला वेळ जास्त लागतो. मोठ्या शिडाच्या बोटीला दोन्ही लागतं, कारण तिच्यात शीडही आहे आणि इंजिनही.

इथे कोणी म्हणेल, मग इंजिन ठराविक काळाने पूर्ण खोलूनच ठेवावं की! आपल्या रिलायबिलिटीच्या विषयात बाथटब कर्व्ह असतो. नवीन असताना बिघाड जास्त, मग शांतता, मग म्हातारपणी पुन्हा जास्त. परीक्षेत तोच काढतो. पण १९७८ मध्ये नॉलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या देखभालीवर जो अहवाल लिहिला, त्यात बाथटबसारखे वागणारे भाग फक्त सुमारे ४ टक्के निघाले. ६८ टक्के भाग असे होते, की ज्यांचा धोका सुरुवातीलाच जास्त होता आणि नंतर कमी होऊन स्थिर राहत होता. म्हणजे उगाच खोलून जोडलं की आपण तो भाग परत धोक्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो. विमान आणि भीमेवरची बोट एक नव्हे, आणि इंपेलर-पॅकिंगसारख्या वस्तू वेळेवर बदलाव्याच लागतात. पण 'बघत राहा, ऐकत राहा, गरज असेल तेच खोला' हा धडा दोन्हीकडे लागू पडतो. आमच्याकडचे जुने फिटर हेच म्हणतात, "चालू इंजिनाला हात लावू नको, कान लाव."

दोघींच्या खाली एकच तळ

इतका वेळ इंजिन आणि शीड यांची तुलना झाली. पण बोट तरंगते ती दोन्हींमुळे नाही. ती तरंगते तळामुळे. आणि मला वाटतं, आमच्या भागातला खरा प्रश्न इथे आहे.

इंजिनाचं आम्हाला कौतुक आहे. ते सुरू झालं की बोट चांगली, बंद पडलं की बोट वाईट. त्यामुळे इंजिनाला ऑइल मिळतं, फिटर मिळतो, आणि तळाकडे कोणी बघत नाही. लाकडी तळाचे सांधे सुकतात, पत्र्याच्या तळाला आतून गंज धरतो, फायबरच्या तळाला चीर गेली की आतल्या थरांत पाणी झिरपतं. शिवाय इंजिन स्वतः तळाला हादरे देत असतं. त्याचे फाउंडेशन बोल्ट ढिले झाले की हादरे वाढतात आणि चीर वाढते. शिडाच्या होडीवाल्याला तळ बघावाच लागतो, कारण त्याच्याकडे भरवसा ठेवायला दुसरं काही नाही. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा तळ उघडा पडतो आणि डागडुजी होते. धरणातल्या बोटीला अशी सक्तीची सुट्टी नसते.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि ६ जण बुडाले. आमच्या दौंडपासून हे पाणी लांब नाही. तिथली कितीतरी माणसं बाजाराला, नातेवाइकांकडे, दवाखान्यात अशा बोटीनेच जातात, कारण रस्त्याने वळसा फार मोठा पडतो. वादळ देखभालीने थांबत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून बोटीची देखभाल हा माझ्यासाठी श्रीमंतांच्या छंदाचा विषय राहिला नाही. वादळात सापडलेल्या माणसाजवळ थोडीच साधनं असतात. कोरडा तळ, चालू राहणारं इंजिन, हाताशी वल्हं आणि अंगात लाइफ जॅकेट. यातलं प्रत्येक साधन वादळाच्या आधी, निवांत दिवशी कोणीतरी तपासलेलं असावं लागतं.

कायद्यानेही हे ओळखलंय. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या बोटींची नोंदणी आणि तपासणी आहेच, पण बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार केलेला आहे. मात्र तपासणीचा दाखला ठराविक काळाने मिळतो आणि ग्लँड रोज गळतो. मधल्या दिवसांची जबाबदारी बोट चालवणाऱ्याची, आणि थोडी बसणाऱ्याचीही.

बसण्याआधी काय बघाल?

बसणाऱ्याने काय बघायचं? फार काही नाही. बोटीच्या तळात किती पाणी आहे ते बघा. घोटाभर पाणी असेल आणि ते उपसायला डबाही नसेल तर बसू नका. इंजिनाच्या बोटीत थंड करणारं पाणी मागच्या नळीतून बाहेर पडताना दिसतं का ते बघा. वल्ही आहेत का ते बघा, कारण बंद पडलेल्या इंजिनाला पर्याय तेवढाच. शिडाच्या होडीत दोराला रोवे सुटलेत का ते बघा. आणि लाइफ जॅकेट मागा, मिळालं की घाला. त्यावर बसू नका! आपल्या ट्रिपला निम्म्या जणी त्यावर बसल्या होत्या.

शेवटी, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्या होस्टेलच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट स्विच आहे. पाणी वर आलं की तो मोटर बंद करतो. तसाच स्विच बोटीच्या तळाला बसवून बॅटरीवरच्या बझरला जोडला, तर तळात पाणी वाढल्याबरोबर बोटवाल्याला कळेल. मोठ्या बोटींवर असे अलार्म असतात, ही काही नवी शोधाशोध नाही. आपल्याला सोडवायचं आहे ते एवढंच, की जलपर्णी आणि गाळात तो अडकू नये, हादऱ्यांनी खोटा वाजू नये, आणि आमच्याकडच्या मच्छीमाराला परवडावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघी-तिघी तयार असतील तर मेकॅनिकलच्या बाजूने मी आहे. चाचणीला बोट मी मिळवून देते. दौंडहून सकाळची गाडी पकडली तर भिगवण लांब नाही.